आकडे तेच, फक्त जागा बदलली

चिमाजी कहांडळ यांच्याबद्दल लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. बत्तीस वर्षं मी नाशकात गणित शिकवलं, आणि ज्याची सिद्धता देता येत नाही ते फळ्यावर लिहायचं नाही, हा नियम पोरांच्या डोक्यात घालता घालता माझा घसा बसला. आता जे लिहिणार आहे त्याची सिद्धता माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली आहे. ते कपाट मी परवापासून उघडलेलं नाही. दोरीवरच्या दोन साड्या आलटून पालटून नेसते आहे.

चिमाजी म्हणजे मीटरवाले. द्वारकेकडून भद्रकालीकडे येताना एका गल्लीत त्यांचा गाळा आहे, सहा बाय आठचा. विजेचे मीटर नव्हेत आणि रिक्षाच्या भाड्याचेही नव्हेत. गाडी किती किलोमीटर पळाली ते दाखवणारे मीटर. जुन्या गाड्यांत काचेमागे आकड्यांची छोटी छोटी चाकं असतात, एकाशेजारी एक. गाडी पळते, केबल फिरते, चाकं पुढे सरकतात. आता सगळं डिजिटल झालं, त्यामुळे चाकांचे मीटर उघडणारा माणूस अख्ख्या नाशकात हा एकच उरला होता.

मूळचे ते सिन्नर तालुक्यातले. लहानपणी भद्रकालीतल्या एका घड्याळजीच्या हाताखाली लागले. पुढे लोकांनी घड्याळं दुरुस्त करून घेणं सोडलं, तेव्हा चिमाजी घड्याळाच्या चाकांवरून मीटरच्या चाकांवर आले. बायको लवकर गेली. मुलगी हर्षाली तेव्हा सहावीत होती. तिची वेणी घालायला ते गाळ्यातच शिकले, खिळ्याला तीन केबली टांगून. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवसापासून मी माझी स्कूटर दुसरीकडे नेली नाही.

आणखी एक काम ते करायचे, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मीटर मागे करायचं. जुन्या गाड्या विकणारे एजंट मीटर घेऊन यायचे. चार लाख पळालेली गाडी दोन लाख पळालेली दिसली की गिऱ्हाईक लवकर मिळतं. नाशकात हे कुणाला माहीत नव्हतं? मलाही माहीत होतं. एकदा मी त्यांना चांगलं झापलं, तर चिमाजी शांतपणे म्हणाले, "बाई, माझा एक नेम हाय. बाहेरचा आकडा आणायचा नाय. गाडीनं जे आकडे आणलेत त्यातूनच द्यायचं. आकडे तेच, फक्त जागा बदलली. ह्यात खोटं काय?"

मला हसू आलं. वर्गात एखादं गुणी पोर चुकीचं उत्तर इतक्या ठामपणे देतं की त्याला मारवत नाही, तसं झालं. मी विषय सोडून दिला.

दोन हजार अकराच्या दिवाळीनंतरची गोष्ट. स्कूटरचा मीटर घ्यायला गेले, तर टेबलावर एका टेम्पोचा मीटर उघडा पडला होता. सहा चाकांवर आकडा होता १४२८५७.

"अहो चिमाजी, हा आकडा कुठून आणलात?" मी ओरडलेच.

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. "टेम्पोचा हाय. का, काय चुकलं का?"

मला वाटलं दुरुस्तीला आला असेल. मी त्यांचा खडू उचलला आणि मागच्या भिंतीवर एकाखाली एक लिहीत गेले.

१४२८५७
दुप्पट २८५७१४
तिप्पट ४२८५७१
चौपट ५७१४२८
पाचपट ७१४२८५
सहापट ८५७१४२

"बघा. सहाही ओळींत तेच सहा आकडे. क्रमसुद्धा तोच. फेर धरलाय त्यांनी, फक्त पुढे कोण उभं राहणार तेवढं बदलतं. शून्य, तीन, सहा, नऊ यांना या फेरात जागाच नाही. आता मधोमध कापा. एकशे बेचाळीस आणि आठशे सत्तावन्न, बेरीज नऊशे नव्याण्णव. दोन दोनचे तुकडे करा. चौदा, अठ्ठावीस, सत्तावन्न, बेरीज नव्याण्णव." मी रंगात आले होते. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत कुणी माझ्याकडून काही शिकलं नव्हतं.

"तेच आकडे," चिमाजी हळूच म्हणाले. "फक्त जागा बदलली."

"अगदी बरोबर!"

"आन् सातपट?"

मी शेवटची ओळ लिहिली. ९९९९९९.

"आन् त्याच्या म्होरं?"

"तुमच्या मीटरला चाकं सहाच. पुढे एक किलोमीटर गेली की सगळी शून्यं."

चिमाजी भिंतीकडे बघत राहिले. "म्हंजे गाडी कधी पळालीच नाय. जन्मलीच नाय," ते म्हणाले.

तेवढ्यात टेबलावरच्या मीटरमधून आवाज आला. टक. केबल लावलेली नव्हती, हात कुणाचा लागला नव्हता. शेवटचं सातचं चाक केसभर हललं आणि थांबलं.

"आतली गरारी सैल असंल," चिमाजी म्हणाले. त्यांनी मीटर बंद केला आणि दोन्ही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. ती बाटली हर्षालीची. आपण बंद केलेला मीटर दुसऱ्या कुणी उघडला तर कळावं म्हणून ही खूण असायची. 

दोन वर्षांनी त्यांनी मला निरोप पाठवला. गाळ्यासमोर तोच टेम्पो उभा होता, हूक लावून ओढत आणलेला. टेम्पो दिंडोरीकडच्या रावजी नावाच्या माणसाने घेतला होता आणि त्यातून तो द्राक्षाचे क्रेट वाहायचा. उतारावर स्टिअरिंग सुटलं, टेम्पो झाडाला लागला, रावजीचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. धक्क्यात केबल तुटून मीटर होता तिथे थांबला होता. आकडा २८५७१४.

"बाई, हा आकडा मी आधी पाह्यलाय," चिमाजी म्हणाले. 

मला वाटलं, भिंतीवरच्या ओळीबद्दल म्हणताहेत. मी त्यांना योगायोग समजावून सांगितला. इतक्या गाड्या पळतात, इतके आकडे सरकतात, कधीतरी असं होणारच. आणि खडू घेऊन भिंतीवरच्या दुसऱ्या ओळीसमोर बरोबरची खूण केली. खरं सांगायचं तर मला मजा वाटली. एका माणसाचा पाय गेला होता आणि मला मजा वाटली. हे आत्ताच लिहून टाकते, शेवटपर्यंत धीर राहील याची खात्री नाही.

तिसऱ्या ओळीला तीन वर्षं लागली. टेम्पो तेव्हा लासलगावच्या एकाकडे कांद्यावर होता. मीटर ४२८५७१ वर थांबलेला आणि मालकाचा उजवा हात गेलेला. अठरा साली ५७१४२८. त्या चालकाचा डोळा. एकवीस साली ७१४२८५. स्टिअरिंगचा दांडा गळ्यात घुसला, माणूस वाचला, वाचा गेली. मालक दर वेळी नवा असायचा, रंग नवा असायचा, एकदा तर इंजिनही नवं बसवलं होतं. मीटर मात्र तोच, आणि स्क्रूंवर लाल ठिपके तेच. चाकांचा मीटर उघडणारा माणूस एकच, म्हणून तो फिरून फिरून त्याच टेबलावर यायचा.

केबल काढून ठेवलेला असला तरी तो अधूनमधून वाजायचा. टक. चिमाजींनी त्याच्यावर एक जाड टॉवेल टाकला. तरी आवाज यायचा, जरा बसका. मी त्यांना म्हणायची, लोखंड आहे, उन्हाने ताणतं, सावलीत आखडतं. हे विज्ञान बरोबरच आहे. पण आवाज ऐकून आम्ही दोघंही आधी भिंतीकडे बघायचो, हेही तितकंच बरोबर आहे.

"पाय, हात, डोळा, वाचा," चिमाजी एकदा बोटांवर मोजत म्हणाले. "तुकड्या तुकड्यानं नेतोय. सहाव्या पायरीला अजून एक काहीतरी. मंग सातव्या पायरीला अख्खा माणूस."

"मग पुढच्या मालकाला सांगा ना."

"काय सांगू? आकड्याला भिऊन टेम्पो घेऊ नका म्हणू? हसतील मला."

मी मान डोलावली. मलाही तेच वाटलं. चिमाजींनी मीटर पुसला, ठिपके दिले आणि टेम्पो गेला. आम्ही दोघंही त्या दिवशी घरी जाऊन जेवलो.

हर्षालीचं लग्न पिंपळगाव बसवंतच्या अमोलशी झालं. चांगला मुलगा, कष्टाळू, सासऱ्याला मामा मामा करणारा. तेवीसच्या दसऱ्याला त्याने जुना टेम्पो घेतला आणि पूजेला चिमाजींना बोलावलं. झेंडूची माळ, नारळ, पेढे, सगळं झालं. अमोल म्हणाला, "मामा, बसून तर बघा." चिमाजी चढून बसले. काचेमागे आठ लाख एकोणतीस हजारांच्या पुढचा आकडा होता. त्यांनी हात घालून मीटरची मागची बाजू चाचपली. स्क्रूंवर ठिपके होते.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले. मी चहा टाकला, तो तसाच निवला.

"सांगून टाका मुलीला," मी म्हटलं.

"काय म्हणून सांगू? हर्षूला वाटतं, आपला बाप मीटर नीट करतो. मागं करतो हे तिला ठाव नाय. शाळेत असताना तिनं निबंध लिव्हला व्हता माझ्यावर, 'माझे वडील खरा आकडा दाखवतात.' अजून गाळ्यात हाय तो कागद." ते डोळे पुसत होते. त्यांना टेम्पोचं भय होतंच. पण त्या कागदासमोर उभं राहण्याचं भय जास्त होतं, आणि हे त्यांना स्वतःलाही कळत होतं.

मग रोज फोन सुरू झाले. "हर्षू, आज मीटर किती झालं?" पोरीला आधी गंमत वाटली, मग चिंता. अण्णांचं वय झालं का, असं तिने मलासुद्धा विचारून पाहिलं. चिमाजींनी अमोलला टेम्पो विकायला सांगून पाहिलं. "पळतोय की मस्त," अमोल म्हणाला. शेवटी चिमाजींनी असं ठरवलं की आठ लाख सत्तावन्न हजार झाले की मीटरची सर्व्हिसिंग करायची म्हणून टेम्पो गाळ्यात आणवायचा, आणि एकदा आत आला की बाहेर जाऊ द्यायचा नाही. काहीतरी कारण काढायचं. खरं सोडून दुसरं काहीही सांगायची त्यांची तयारी होती.

फेब्रुवारीतला शनिवार. आकडा झाला ८५७०८२. अमोल म्हणाला, सोमवारी आणतो. चिमाजींना त्या रात्री बरी झोप लागली.

रविवारी साडेअकराला मी गाळ्यात होते. माझ्या स्कूटरची केबल बदलायची होती. त्यांनी रोजच्यासारखा फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर सुरू केला. फोनमधून वाऱ्याचा आवाज आला.

"कुठं हाय गं?"

"वणीच्या गडावरून उतरतोय अण्णा. आज सुट्टी म्हणून देवीची ओटी भरून आले. तुम्हाला प्रसाद आणते."

चिमाजींच्या हातातला पाना खाली पडला. "मीटर बघ. आधी मीटर बघ."

"झालं का सुरू तुमचं!" ती हसली. "आठ पाच सात, एक तीन नऊ."

तीन किलोमीटर. आणि घाट.

"अमोलरावाला सांग, गाडी थांबव."

"का?"

"ऑइलचं काम हाय जरा."

अमोलचा आवाज आला, "मामा, ऑइल कालच टाकलंय. खाली नांदुरीला थांबतो ना, चहाला."

चिमाजींनी फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. अशी नजर मी माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा बघू इच्छित नाही. "ही सहावी हाय ना, बाई? सहावीला जीव जात नाय ना? सातवीला जातो ना?"

ते माझ्याकडे गणिताचं उत्तर मागत होते. मी सवयीने भिंतीकडे वळले. चार खुणा होत्या, दुसऱ्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत. पहिल्या ओळीसमोर काही नव्हतं. बारा वर्षं ती भिंत मी बघत होते आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात त्या क्षणी शिरली. पहिल्या आकड्यावर टेम्पो थांबलेलाच नव्हता. मग तो आकडा मीटरवर आला कुठून?

"चिमाजी, तो मीटर पहिल्यांदा तुमच्याकडे आला तेव्हा त्यावर काय होतं? मागे करायच्या आधी?"

ते खाली पडलेल्या पान्याकडे बघायला लागले.

"बोला!"

"दोन पंच्याऐंशी सातशे चौदा," ते म्हणाले. "शेवटचे एक आन् चार म्होरं घेतले. बाकीचे सरकवले. आकडे तेच, बाई. बाहेरचा नाय आणला एकबी."

२८५७१४ चे १४२८५७ केले होते. नेमकी एक पायरी काढून घेतली होती. म्हणजे इतकी वर्षं मीटर जे दाखवत होता त्यापेक्षा टेम्पो एक पायरी पुढे होता. रावजीचा पाय गेला तेव्हा तो खरा तिसऱ्या पायरीवर होता. वाचा गेली तेव्हा सहाव्या. आणि मीटरवर ८५७१४२ येईल तेव्हा खरे होतील ९९९९९९. एवढी बेरीज चौथीतल्या मुलाला आली असती.

"हीच सातवी आहे," मी म्हटलं.

चिमाजींनी फोनवरचा तळहात काढला.  ते मोठ्याने, एकेक शब्द तोडत बोलले.

"हर्षू, ऐक. तुझा बाप लबाड हाय. तुझ्या टेम्पोचं मीटर खोटं हाय, मीच मागं केलंय, बारा वर्षांपूर्वी. दाखवतंय त्याहून दीड लाख जादा पळालाय तो. आतलं सामान कधीच संपलंय. चार माणसं अधू झालीत त्याच्यात. मला ठाव व्हतं. शपथ घालतो तुला, आत्ताच्या आत्ता गाडी थांबव आन् खाली उतर."

 मग हर्षालीचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. "अमोल, थांबव. थांबव म्हणते ना!" ब्रेकचा लांब आवाज. दार उघडल्याचा आवाज. अमोल कुणालातरी दगड मागत होता, चाकाखाली लावायला. मी भिंतीला टेकून उभी होते.

"उतरलो," हर्षाली म्हणाली. "आठ पाच सात, एक चार एक."

एक किलोमीटर उरला होता. चिमाजी खाली फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"अण्णा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "हा टेम्पो अपघातानंतर तुमच्याकडे किती वेळा आला होता?"

"चार येळा."

"त्या चौघांना असा फोन केला होता का?"

चिमाजींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.  तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक वर गेला. स्टिअरिंगच्या आत एक पिन असते, ती झिजून सुईएवढी उरली होती. खालच्या मोठ्या वळणावर नक्की तुटली असती, असं तो म्हणाला. गाडीबरोबर आलेली मूळ पिन होती ती. प्रत्येकाने मीटर बघितला, हिशेब केला, आणि अजून एक खेप चालेल म्हणून ती राहू दिली. इंजिनसुद्धा बदललं, सुटलेलं स्टिअरिंग पुन्हा जोडून घेतलं, पण पिन कुणी बदलली नाही. यात भूतखेत काही नाही. मेकॅनिक मीटरवर विश्वास ठेवतो, आणि मीटर चिमाजींनी बनवला होता. फक्त ते आकडे तसेच का आले, तेवढं मला त्याला विचारता आलं नाही.

मीटर काढून अमोलने गाळ्यात आणून ठेवला आणि टेम्पो भंगारात दिला. तो बसला नाही, मामा म्हणाला नाही. हर्षाली आलीच नाही. दोन दिवसांनी चिमाजींनी तो निबंधाचा कागद भिंतीवरून उतरवला आणि पाकिटात घालून पिंपळगावला पाठवून दिला. गाळ्याचं शटर ओढलं आणि ते माणसं शोधायला निघाले.

रावजीने त्यांना अंगणात बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग कुबडी उचलून दाराकडे दाखवली. लासलगावच्या माणसाने डाव्या हाताने त्यांच्या थोबाडीत मारली. डोळा गेलेला चालक खूप वेळ बोलत राहिला, पण ते टेम्पोबद्दल नव्हतं, त्याच्या मुलीच्या मोडलेल्या लग्नाबद्दल होतं. चौथ्याकडून चिमाजी परत आले ते सरळ माझ्याकडेच.

"शिव्या खायला गेलो व्हतो, बाई," ते म्हणाले. "सगळं सांगितलं आन् बसून राह्यलो. तो बघतोय माझ्याकडं. तोंड उघडतोय, मिटतोय. तासभर बसलो. त्याला बोलताच येत नाय, हे मी इसरलोच व्हतो."

मी चहा टाकायला उठले. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. तो मीटर होता. ८५७१४१. स्क्रूंवर लाल ठिपके तसेच होते.

"माझ्याकडं महिनाभर व्हता. हलला नाय, वाजला नाय," ते म्हणाले. "आता तुमच्याकडं राहू द्या. तुम्हाला आकडे आवडतात."

ते हे टोमणा म्हणून बोलले नाहीत. मला बरं वाटावं म्हणूनच बोलले. मी त्यांच्यावर चिडले, भयंकर चिडले, आणि ते गेल्यावर पुडकं कपाटात साड्यांच्या मागे सारलं.

पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शब्दकोडं सोडवत होते आणि कपाटातून आवाज आला. टक. मी स्वतःला उन्हाबद्दल, लोखंडाबद्दल सगळं सांगून पाहिलं. मग उठून कपाट उघडलं, कागद सोडला. केबल नाही, गाडी नाही, गाडीचं एक चाकसुद्धा आता शाबूत नाही. शेवटच्या चाकावरचा एक अर्धा वर गेला होता, आणि त्याच्याखाली दोनचं डोकं दिसत होतं.

तो चिमाजींकडे महिनाभर हलला नव्हता. ते माणसांना जाऊन सांगत होते. मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. भिंतीवरच्या ओळी माझ्या अक्षरात आहेत, चारही खुणा माझ्या आहेत, आणि प्रत्येक खूण केल्यावर मी मागे सरून बघितलं होतं, वर्गात बघायचे तसं, ओळ सरळ आली का म्हणून.

उद्या सकाळच्या बसने मी दिंडोरीला जाते आहे, रावजीकडे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.